रक्तात कोणाचं रसायन?

1984 साली अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या छोट्या गावांमध्ये ड्यूपॉन्ट कंपनीने एक तपासणी करून घेतली. गावातल्या दुकानांत जायचं, तिथल्या नळाचं पाणी भरून आणायचं, आणि कशासाठी ते कोणाला सांगायचं नाही. नदीकाठी, वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ, कंपनीचा 'वॉशिंग्टन वर्क्स' हा मोठा कारखाना होता. तिथे टेफ्लॉन बनायचं आणि ते बनवताना सी-8 नावाचं रसायन 1951 पासून वापरलं जायचं. तेच सी-8 गावांच्या नळांत सापडलं.

त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीच्या वरिष्ठांची बैठक बसली. तिचं टिपण पुढे कोर्टात आलं म्हणून आज वाचायला मिळतं. कंपनीचा कायदा विभाग आणि वैद्यकीय विभाग हे रसायन पूर्ण बंद करा असंच म्हणण्याची शक्यता आहे, अशी त्यात नोंद आहे. आणि जबाबदारीविषयी एक थंडगार हिशेब आहे: गेल्या 32 वर्षांच्या कारभाराची जबाबदारी आपल्यावर आलेलीच आहे, आता विचार करायचा तो इथून पुढे काहीच केलं नाही तर त्यात जी भर पडेल तिचा. बैठकीनंतर सी-8चा वापर चालूच राहिला, वाढलाही.

म्हणजे दोषी कोण, याचा निवाडा कंपनीने आपल्यापुरता 1984मध्येच केला होता. ज्यूरीने तो जाहीरपणे करायला 2015 साल उजाडलं.

मधली 31 वर्षं गेली कुठे? कंपनीचा धूर्तपणा हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं त्या रसायनाच्या स्वभावात आणि कायद्याच्या सवयींत आहे.

सी-8 म्हणजे पीएफओए. 'पीफास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हजारो कृत्रिम रसायनांच्या कुळातलं ते एक. नॉनस्टिक तवे, पाणी न धरणारे जॅकेट, तेलकट खाणं बांधायचे कागद, विमानतळांवरचा आग विझवणारा फेस, मायक्रोचिपचे कारखाने, सगळीकडे या कुळाचा वावर आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. तो ऊन तोडत नाही, पाणी तोडत नाही, जिवाणू पचवत नाहीत. म्हणूनच ही रसायनं इतकी उपयोगी, आणि म्हणूनच ती जमिनीत आणि पाण्यात राहून जातात. शरीरात गेल्यावर ती चरबीत न साठता रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात. पीएफओएचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला दोन ते चार वर्षं लागतात, तेही नवीन भर पडली नाही तर. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि त्याचा असा स्वतःचा एकही रोग नाही. मूत्रपिंडाचा कर्करोग या रसायनाने होऊ शकतो, आणि त्याच्याशिवायही होतो.

आता नुकसानभरपाईचा कायदा बघा. तो मुळात शेजाऱ्याच्या बैलाने कुंपण मोडून जोंधळा खाल्ला, अशा तंट्यांवर वाढलेला आहे. बैल कोणाचा, शेत कोणतं, दिवस कोणता, पीक किती गेलं, एवढं सिद्ध झालं की भरपाई. पीफासच्या दाव्यात यातला प्रत्येक प्रश्न बुडतो. रसायन बनवणारे अनेक, वापरणारे त्याहून अनेक. वीस वर्षं नकळत प्यायलेल्या पाण्याचा दिवस कोणता धरायचा? आजार तीस वर्षांनी आला तर नुकसान झालं कधी? आणि जो अजून आजारी पडलेला नाही, पण ज्याच्या रक्तात हे रसायन आहे, त्याचं काही नुकसान झालं असं म्हणायचं की नाही?

त्यावर कडी अशी की कायदाच मोडलेला नव्हता. अमेरिकेत रसायनांच्या नियंत्रणाचा मुख्य कायदा 1976 साली आला, तेव्हा बाजारात आधीपासून असलेली हजारो रसायनं तपासणीशिवाय तशीच आत घेतली गेली. पीएफओए त्यात होतं. त्यासाठी पाण्यात मर्यादाच ठरलेली नव्हती, मग ओलांडणार काय? एक कलम मात्र होतं: आपल्या रसायनाने गंभीर धोका असल्याची माहिती हाती आली तर कंपनीने ती सरकारला ताबडतोब कळवली पाहिजे. हे कलम पुढे कामी आलं.

पार्कर्सबर्गची कोंडी एका गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याने फोडली. त्याच्या कुरणातून वाहणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला कंपनीची कचराभूमी होती. गुरं मरू लागली, डझनांनी मरू लागली. गावातला कोणी वकील ड्यूपॉन्टच्या विरोधात उभा राहीना, कारण अर्धं गाव तिथेच नोकरीला. 1998 साली त्याने सिनसिनाटीच्या रॉबर्ट बिलॉट या वकिलाला गाठलं. गंमत अशी की बिलॉट यांचा सारा धंदा रासायनिक कंपन्यांच्या बाजूने लढण्याचा होता. पण त्याचाच उपयोग झाला. कंपन्या कोणते कागद ठेवतात, कुठे ठेवतात आणि कोणत्या भाषेत लिहितात, हे त्यांना आतून माहीत होतं.

2000 साली एका पत्रात त्यांना पीएफओए हे नाव दिसलं. संदर्भग्रंथांत त्याविषयी जवळपास काही नाही. त्यांनी कोर्टाकडून हुकूम आणला आणि कंपनीला तिचे कागद द्यावे लागले: एक लाखाहून अधिक पानं, कसलाही क्रम नसलेली. बिलॉट यांनी ती महिनोन्महिने जमिनीवर मांडून तारीखवार लावली. 1961 साली कंपनीच्या शास्त्रज्ञांना प्राण्यांच्या यकृतावर परिणाम दिसला होता. 1981 साली हे रसायन पुरवणाऱ्या थ्रीएम कंपनीने उंदरांच्या पिल्लांमध्ये जन्मजात व्यंगं दिसल्याचं कळवलं. मग ड्यूपॉन्टने आपल्या गरोदर कामगार स्त्रियांची पाहणी केली, आणि सात बाळांपैकी दोघांच्या डोळ्यांत दोष निघाले. 1991 साली कंपनीने स्वतःच पिण्याच्या पाण्यासाठी आतल्या आत एक मर्यादा ठरवली, आणि गावांतल्या पाण्यात प्रमाण तिच्यावर गेल्यावरही गप्प राहिली. मार्च 2001मध्ये बिलॉट यांनी हे सगळं बांधून 972 पानांचं पत्र पर्यावरण खात्याला आणि इतर अधिकाऱ्यांना पाठवलं. माहिती दडवल्याबद्दल खात्याने कंपनीवर कारवाई केली आणि 2005 साली 1 कोटी 65 लाख डॉलरवर तडजोड झाली. कंपनीच्या आकारापुढे ही रक्कम म्हणजे चहापाणी.

या सगळ्या खटल्यांचं मर्म मला इथे दिसतं. रसायन घातक आहे, हे बाहेरच्या कोणा शास्त्रज्ञाने शोधून काढलं नाही. ते बनवणाऱ्याच्याच कपाटात होतं. अमेरिकेत पीफासचे जे मोठे दावे तडीस गेले, तिथे बहुधा 'यांना कधीपासून माहीत होतं' याचा कागद आधी हाती आला आणि विज्ञान मागून आलं. कागद काढून घेण्याची सोय ज्या देशाच्या दिवाणी कायद्यात नाही, तिथे हा दावा पहिल्या तारखेलाच मेला असता.

कार्यकारणभावाचा पेच मात्र कागदांनी सुटला नव्हता. 2001 साली आसपासच्या सहा पाणीपुरवठा क्षेत्रांतल्या रहिवाशांच्या वतीने सामूहिक दावा लागला. यातले बहुतेक जण आजारी नव्हते. पण वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली दुसऱ्याच एका प्रकरणात ठरवलं होतं की विषारी पदार्थाशी संपर्क आल्यामुळे ज्याला यापुढे वारंवार तपासण्या कराव्या लागतील, तो तेवढ्यासाठी दावा लावू शकतो. आजार होईपर्यंत थांबायची गरज नाही. हे दार उघडं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

2004 साली तडजोड झाली. त्यातली विलक्षण गोष्ट अशी की निवाडा तीन साथरोगतज्ज्ञांच्या मंडळावर सोपवला गेला. मंडळाने एखाद्या आजाराशी पीएफओएचा 'संभाव्य संबंध' आहे असं म्हटलं, तर हे रसायन तो आजार घडवू शकतं की नाही हा वाद कंपनीने पुन्हा काढायचा नाही. नाही म्हटलं तर लोकांनी दावे सोडून द्यायचे. तडजोडीत आलेले 7 कोटी डॉलर वाटून टाकता आले असते. वकिलांनी त्यातून आरोग्य पाहणी उभी केली. माहिती आणि रक्त देणाऱ्याला 400 डॉलर. साधारण वर्षभरात 69 हजार लोक रक्त देऊन गेले. भरपाईच्या पैशातून पुरावा विकत घेण्याची ही कल्पना मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार चाल वाटते.

मंडळाला उत्तर द्यायला सात वर्षं लागली. त्या वाट पाहण्यात काही फिर्यादी गेले, तो शेतकरीही गेला. 2011 आणि 2012मध्ये निष्कर्ष आले: सहा आजारांशी संबंध आहे. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, गरोदरपणातला उच्च रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल. मग सुमारे 3,550 वैयक्तिक दावे दाखल झाले. ऑक्टोबर 2015मध्ये मूत्रपिंडाचा कर्करोग झालेल्या एका महिलेला ज्यूरीने 16 लाख डॉलर दिले. जानेवारी 2017मध्ये तिसऱ्या खटल्यात भरपाईखेरीज दंड म्हणून 1 कोटी 5 लाख डॉलर वेगळे लावले. महिन्याभरात कंपनीने उरलेले सगळे दावे 67 कोटी डॉलरना मिटवले.

पैसे कोणी दिले हे बघण्यासारखं आहे. जुलै 2015मध्ये, पहिला खटला उभा राहण्याच्या अगदी तोंडावर, ड्यूपॉन्टने आपला टेफ्लॉनचा धंदा केमूर्स नावाच्या नव्या कंपनीत काढून दिला, आणि त्याबरोबर त्या धंद्याचं देणंही. 2017 साली ड्यूपॉन्ट डाऊमध्ये मिसळली, 2019 साली त्या मिश्रणाच्या पुन्हा तीन कंपन्या झाल्या. केमूर्सला आपल्या गळ्यात काय बांधलंय ते कळल्यावर तिने 2019मध्ये जन्मदात्या कंपनीवरच फिर्याद केली. 2021 साली भावकीची वाटणी झाली: देणं निम्मं निम्मं, चार अब्ज डॉलरच्या मर्यादेपर्यंत. कंपनीला कायद्याने व्यक्ती मानलंय खरं, पण ही व्यक्ती हवी तेव्हा दुसरा जन्म घेऊ शकते. तिने सोडलेल्या रेणूला ती सोय नाही. तो आहे तिथेच असतो.

थ्रीएमची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातही कागदच बोलले. मिनेसोटा राज्याने 2010 साली कंपनीवर दावा लावला आणि 2018मध्ये, खटला सुरू होणार त्याच दिवशी, 85 कोटी डॉलरवर तडजोड झाली. राज्याने हाती आलेले आतले कागद उघडे केले. पुढे अग्निशामक फेसामुळे दूषित झालेल्या पाण्याचे देशभरातले हजारो दावे दक्षिण कॅरोलिनातल्या एका संघीय न्यायाधीशापुढे एकत्र आले. जून 2023मध्ये थ्रीएमने सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांना किमान 10.3 अब्ज डॉलर देण्याचं कबूल केलं, जबाबदारी मान्य न करता. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण हे पैसे नळाला गाळणी बसवण्यासाठी आहेत. ज्यांनी त्या नळाचं पाणी आधीच प्यायलं, त्यांचे दावे वेगळे आणि बहुतेक अजून लटकलेले. एप्रिल 2024मध्ये अमेरिकेने पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 4 नॅनोग्रॅम ही मर्यादा घातली. प्रमाण इतकं खाली आणायचं तर पाणी स्वच्छ करण्याचा खर्चही तसाच मोठा येतो. दावे झाले नसते तर तो पाणीपट्टीत गेला असता.

आजार नसलेल्या माणसाचं काय, या प्रश्नाला 2023च्या अखेरीस जगाने एकमेकांच्या अगदी उलट दोन उत्तरं दिली, आणि तीही नऊ दिवसांच्या आत. 27 नोव्हेंबरला अमेरिकेतल्या एका संघीय अपील न्यायालयाने ओहायोतल्या एका अग्निशामक जवानाचा दावा काढून टाकला. त्याच्या रक्तात पाच पीफास रसायनं होती. त्याने पैसे मागितलेच नव्हते. या रसायनांचा अभ्यास करणारं मंडळ कंपन्यांच्या खर्चाने नेमा, एवढी मागणी होती. वकील पुन्हा बिलॉट. न्यायालय म्हणालं, तू दहा कंपन्यांवर दावा लावलास, पण ही पाच रसायनं बनवणारे आणखी कितीतरी आहेत; तुझ्या रक्तातलं याच दहांपैकी कोणाकडून आलं ते तू दाखवलं नाहीस. रसायन जितकं सर्वदूर पसरलं, तितकं ते कोणाचंच नाही असा त्याचा अर्थ झाला. निकाल कायद्याच्या तर्काला धरून आहे, आणि म्हणूनच तो जास्त टोचतो.

5 डिसेंबरला स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने रोनेबी इथल्या दीडशेहून अधिक रहिवाशांच्या दाव्यावर निकाल दिला. तिथल्या हवाई तळावर वर्षानुवर्षं वापरलेल्या फेसातून पीफास विहिरींत गेलं होतं. 2013मध्ये ते उघड झालं. न्यायालय म्हणालं, रक्तात या रसायनांचं इतकं जास्त प्रमाण असणं आणि त्यामुळे आजाराचा धोका वाढणं, हीच शारीरिक इजा आहे. आजार व्हायची वाट पाहायला नको. आपल्याकडच्या कायद्याच्या अभ्यासकांनी मुळातून वाचावा असा हा निकाल आहे. त्याला एक बोचरी बाजूही आहे. जबाबदार ठरली ती पाणी पुरवणारी नगरपालिकेची कंपनी. फेस बनवणारे त्या दालनात नव्हतेच.

या दोन निकालांच्या मधल्याच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

इथवर सगळा मामला पैशांचा होता. तुरुंगात कोणी गेलं नव्हतं. ती शक्यता इटलीने दाखवली.

उत्तर इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. 1960च्या दशकात एका कापड उद्योगाने तिथे रसायनांचा कारखाना काढला. 1988मध्ये तो मितेनी झाला, पुढे जपानच्या मित्सुबिशीकडे आला, आणि 2009 साली तिने तो एका युरोपीय उद्योगसमूहाला नाममात्र किमतीला विकला. 2013मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात विचेन्झा, व्हेरोना आणि पादुआ या तीन प्रांतांच्या पाण्यात पीफास सापडलं. दूषित पट्ट्यात साडेतीन लाखांच्या आसपास लोक राहतात. पोरांच्या रक्ताचे अहवाल हाती आल्यावर तिथल्या आया एकत्र आल्या, छातीवर आपल्या मुलाच्या रक्तातला आकडा छापलेले टी-शर्ट घालून मोर्चे काढू लागल्या. कारखाना 2018 साली दिवाळखोरीत गेला. अमेरिकेतल्यासारखा दिवाणी दावा लावला असता तर वसूल करायला समोर फक्त गंजका सांगाडा होता. पण इटलीच्या दंडसंहितेत पाण्यात विष कालवणं हा जुना आणि गंभीर गुन्हा आहे, आणि गुन्हा कंपनीवर नाही, माणसांवर लागतो. 26 जून 2025 रोजी विचेन्झाच्या न्यायालयाने पंधरापैकी अकरा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. शिक्षा मिळून 141 वर्षं, म्हणजे सरकारी वकिलांनी मागितल्याहून जास्त. सर्वांत मोठी साडेसतरा वर्षांची. तीनशेहून अधिक पक्षकारांचा भरपाईचा हक्क मान्य झाला. निकाल खालच्या कोर्टाचा आहे, अपिलं व्हायची आहेत.

मितेनीची यंत्रं मात्र तोपर्यंत त्रिस्सिनोत राहिली नव्हती. दिवाळखोरीनंतरच्या लिलावात ती, पेटंटांसकट, मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या कंपनीकडे गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आणायचं ठरलं. यात लपवाछपवी नाही. 2021 साली समभाग बाजारात आणताना कंपनीने स्वतःच्या कागदपत्रांत हे लिहिलं आहे. जुनी यंत्रं विकत घेणं गुन्हा नाही, आणि लोट्यातल्या या कारखान्यावर कसलाही दोष सिद्ध झालेला नाही. प्रश्न कायद्याचा आहे: त्रिस्सिनोत जे घडलं ते उद्या लोट्याजवळच्या घाणेखुंट-आवाशीच्या विहिरींत घडलं, तर आपल्या हाती काय आहे?

तत्त्वं म्हणाल तर आपली तत्त्वं जगात सर्वांत कडक आहेत. 1985 साली दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवतींच्या पीठाने निरपेक्ष दायित्वाचं तत्त्व मांडलं: धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने नुकसान भरलंच पाहिजे, चूक असो वा नसो, कुठलाही अपवाद नाही, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. 1996 साली हेच तत्त्व राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावाला लागू झालं. तिथे एच-आम्लाच्या कारखान्यांनी सुमारे 2,440 टन विषारी गाळ उघड्यावर टाकला होता आणि विहिरींचं पाणी काळपट-लाल झालं होतं. म्हणजे हळूहळू झिरपणाऱ्या विषालाही भारतीय कायदा पोचतो, हे ठरलं. पण पोचून काय झालं? कंपनीने अर्जांवर अर्ज केले. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने वैतागून 37.385 कोटी रुपयांवर 12 टक्के चक्रवाढ व्याज लावलं, कारण तोवर पंधरा वर्षांत रक्कम भरलीच गेली नव्हती. आणि बिछडीचं पाणी निदान डोळ्यांना दिसत होतं.

केरळच्या कासारगोडचा अनुभवही तसाच. काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून फवारलेल्या एंडोसल्फानच्या बळींना प्रत्येकी पाच लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017मध्ये दिला. 2022मध्ये न्यायालयाने हिशेब विचारला तेव्हा हजारो बळींपैकी आठ जणांना पैसे मिळाले होते.

पीफासच्या बाबतीत आपली अडचण तत्त्वाच्या खाली, नियमांत सुरू होते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, त्यात पीफाससाठी मर्यादा नाही. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराला आपण 2006 साली मान्यता दिली. त्या यादीत पीएफओएस 2009मध्ये आणि पीएफओए 2019मध्ये आलं. पण यादीतली प्रत्येक भर भारताला वेगळी मान्य करावी लागते, आणि 2018च्या नियमांत बंदी घातलेल्या सात रसायनांत ही दोन्ही नाहीत. एमआयडीसीतल्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं काम मुख्यतः जिवाणूंवर चालतं, आणि जिवाणू हा बंध तोडू शकत नाहीत हे वर आलंच आहे. दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या लोट्याच्या सांडपाण्याविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत; त्या मेलेल्या माशांच्या, फेसाळ पाण्याच्या, वासाच्या. ज्याने मासा लगेच मरत नाही अशा पाण्याची तक्रार कोण करणार?

शिक्षेचं म्हणाल तर आपण इटलीच्या उलट दिशेला निघालो आहोत. 2023च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या मुख्य दंडकलमातली पाच वर्षांपर्यंतची कैद काढून टाकली आणि तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. कैदेची तरतूद होती तेव्हाही कारखानदार तुरुंगात जात नव्हते, हे खरं. पण कायद्यात ती असणं आणि नसणं यांत फरक आहे. विचेन्झाच्या सरकारी वकिलांना विचारा.

आणि मुदत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे भरपाई मागायची तर कायद्याच्या कलम 15प्रमाणे दाव्याचं कारण पहिल्यांदा निर्माण झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. 'पहिल्यांदा' या शब्दाकडे लक्ष द्या. पाण्यात रसायन पहिल्यांदा उतरलं तो दिवस, पहिल्यांदा मोजलं गेलं तो, की पहिला रोगी सापडला तो? वायुगळतीत हा वाद होत नाही. तीस वर्षांनी दिसणाऱ्या आजारात प्रतिवादीचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल, आणि त्याचं चुकणारही नाही. बाकी बाबतींत हा कायदा उदार आहे: चूक सिद्ध करायची गरज नाही, प्रदूषकाने भरावं आणि सावधगिरी बाळगावी ही दोन्ही तत्त्वं त्यात लिहिलेली आहेत, आणि पुण्याचं पीठ कोकणातल्या माणसाला दिल्लीहून जवळ आहे. पण घड्याळ लावलेलं आहे ते बैलाने कुंपण मोडल्याच्या हिशेबाने.

त्रिस्सिनोच्या लोकांकडे 2013च्या आधीचं एकही मोजमाप नव्हतं. ओहायोकाठी 69 हजार जणांचं रक्त घ्यावं लागलं ते रसायनाचा वापर सुरू झाल्यावर 54 वर्षांनी, आणि त्याआधी लोकांच्या शरीरात काय होतं हे शास्त्रज्ञांना कारखान्याच्या वापराच्या नोंदींवरून उलटं मोजत जावं लागलं. कोकणात ते टाळता येण्यासारखं आहे. पीफासची तपासणी ग्रामपंचायतीच्या साध्या पाणी-किटने होत नाही, मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. पण असं यंत्र असलेल्या प्रयोगशाळा देशात आहेत. लोट्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी, बोअर आणि खाडीचं पाणी आत्ताच तपासून त्याचा अहवाल तारखेसकट गावाच्या दप्तरी ठेवला, आणि तो दरवर्षी पुन्हा केला, तर पुढे कधी अर्ज करायची वेळ आली तेव्हा पाच वर्षं कुठून मोजायची याला कोर्टापुढे निदान एक कागद असेल. आणि काहीच सापडलं नाही, तर तोच कागद कारखान्याच्याही उपयोगाचा आहे.